मांडवात कोणाला बोलवायचं

मिठागरात पाण्यावर पहिली पापडी धरली की आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नांना तोंड लागतं. वाफ्यांत कोंडलेलं भरतीचं पाणी उन्हाने आटत जातं, एका सकाळी त्यावर सायीसारखं काहीतरी चमकतं, आणि त्याच सुमाराला कुठल्यातरी आळीत आंब्याच्या डहाळ्या घेऊन चाललेली माणसं दिसतात. मीठ आणि हळद आमच्याकडे एकाच हंगामात. नवरीच्या हातांना मिठाने चिरा पडलेल्या असतात, त्यांत हळद झोंबते, आणि ती दात दाबून हसते. यंदाही पापडी धरली. मी बांधावर बसून बघितली. यंदा बघायला मी एकटाच. आमची घरची गेल्या पावसाळ्यात तापाने गेली.

तिचं नाव मी इथे लगेच लिहीत नाही. ती होती तोवर कधी तोंडाने घेतलं नाही. समोर असली की "अगो" म्हटलं की भागायचं, लोकांत "आमची" म्हटलं की कळायचं. मी मेलो असतो तर तिनेही माझं नाव लिहिलं नसतं. एक तर तिला लिहिता येत नव्हतं. मला येतं ते मराठी तिसरीपुरतं, ठाण्याला मामाकडे राहून झालं तेवढं. म्हणून ह्या लिहिण्यात कोणी अलंकार शोधू नयेत. एका माणसाने आमच्या घराला इतके अलंकार घातले की त्याच्या वजनाखालून मी अजून बाहेर आलेलो नाही.

त्या माणसाला मी चरित्रवाले म्हणतो. खरं नाव देत नाही. त्यांनी ते स्वतःच इतक्या पुस्तकांवर छापलंय की माझ्या हातून आणखी एकदा नको.

ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं, गोमाचं लग्न होतं. आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत धावू लागली त्याला थोडेच दिवस झाले होते. आमच्याकडची म्हातारी माणसं ती दिसली की अजून हात जोडत. चरित्रवाले तेव्हा ठाण्याच्या शाळेत मास्तर होते. अंगाने बारीक, पागोटं मात्र डोक्याला मोठं. खाडीकाठच्या पडक्या गढीवर काहीतरी लिहायचं होतं, म्हणून गढी बघायला आले. गढीत साप आणि बकऱ्यांच्या लेंड्या यांशिवाय काही नव्हतं. उन्हाने तापून आमच्या मांडवात शिरले, पाणी प्याले, आणि गाणं ऐकून तिथेच बसले.

आमच्या लग्नाची रीत परक्याला सांगायला हवी. भट येतो, पण त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर धवलारीण असते. ती गाऊन लग्न लावते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. आमची ही धवलारीण होती. माहेर तिचं माजिवड्याचं, आईकडून गाणं आलेलं. पार कल्याणपर्यंत तिला बोलावणं असे. तिचा आवाज गोड नव्हता. मिठाच्या राशीवर फळी ओढली की जसा खरखरीत आवाज येतो तसा होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा.

तर धवल्यात एक गाणं राजाचं असतं. राजा घोड्यावर चढतो, गडावर जातो, गड घेतो, आणि गडावरून नातवाला नवरी आणतो. ह्या राजाचं नाव ठरलेलं नसतं. ज्याचं लग्न त्याच्या आजाचं नाव तिथे घालायचं. गोमाच्या लग्नात राजा होता हिरू, आमचा आजा.

हिरू मिठागरातला माणूस. होडीतून कल्याणच्या बंदराला मीठ न्यायचा. मी त्याला बघितलेला. कैरी मिठाला लावून खाता खाता एक डोळा मिटायचा, आणि तो डोळा पुढे पुढे तसाच अर्धा मिटलेला राहिला. घोड्याला तर इतका भ्यायचा की कोणी अंमलदार घोड्यावरून आला की हा बांधाखाली चिखलात उतरून उभा राहायचा.

चरित्रवाल्यांनी पेन्सिल काढली. गाणं जरा थांबलं तसं विचारलं, "बाई, हे हिरू राजे कोण?"

तिने हनुवटीने मला दाखवलं. "यांचा आजा."

"त्यांनी गड घेतला?"

तिचा घसा सुकलेला, हातात पाण्याचा तांब्या. "घेतला ना. आजच घेतला. उद्या वरच्या आलीन लगीन हाय, तवा तिथला म्हातारा घेल."

बायका फिदीफिदी हसल्या. चरित्रवाले हसले नाहीत. त्यांनी "घेतला" इथवर लिहून घेतलं होतं, पुढचं लिहायचं राहिलं, कारण तेवढ्यात चुलीवरून सुकटीचा वास आला आणि त्यांनी उपरण्याने नाक झाकलं. पंगतीला थांबले नाहीत, मुक्कामाला तर नाहीच. थांबते तर दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत त्याच गडावर दुसरा म्हातारा चढलेला ऐकते, आणि परवा तिसरा. त्या हंगामात त्या गडावर इतके राजे चढले की उतरायला वाट नव्हती. आमच्या गावात ज्याला नातू नाही तेवढाच माणूस राजा नाही. पण एवढा विचार करायला माणसाला दोन दिवस सुकटीचा वास सोसावा लागतो, आणि इतिहास लिहिणाऱ्यांची नाकं नाजूक असतात.

काही वर्षांनी चरित्र निघालं. सरदार हिरोजीराव. गोमा ते ठाण्याहून घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात टाकलं, कारण घरात वाचता येणारा मीच. मीठ काढायचे दिवस होते. दुपारी झोपडीच्या सावलीत मी वाचायचो आणि ती फाटक्या टोपल्या नीट करत ऐकायची. अक्षरं जुळवायला मला वेळ लागायचा. एका जागी लिहिलं होतं की हिरोजीरावाच्या नेत्रांतून अंगार बरसत होता.

"म्हंजे काय?" तिने विचारलं.

"डोळे लालभडक झालेले."

"डोले आलते काय त्याचे?" ती म्हणाली, आणि मला पुढे वाचता येईना.

असं आम्ही ते पुस्तक हसत हसत वाचलं. घोडा आला की ती म्हणायची, आता म्हातारा चिखलान उतरतंय बघा. समोर पांढरं मीठ इतकं चमकायचं की पानावर नजर ठरत नसे, खाडीतल्या तिव्हरांच्या झाडीतून चिखलाचा आंबूस वास यायचा, आणि आमचा आजा शत्रूची मुंडकी उडवत सुटलेला. तो हंगाम मला इतका लख्ख आठवतो की कालचं जेवण आठवत नाही. पुस्तकाबद्दल मला तेवढंच चांगलं सांगता येईल. आम्ही त्यावर हसलो. लिहिणाऱ्याने ते हसण्यासाठी लिहिलं नव्हतं, म्हणून त्याचं श्रेय त्याला देत नाही.

चरित्रवाल्यांची चढती कमान तिथून लागली. त्यांना सरकारातून बक्षीस मिळालं. मग दुसरं चरित्र, मग तिसरं, आणि मग चरित्रात मजा येत नाही असं त्यांना वाटलं असेल, कारण त्यांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. माझ्या मते त्यांना कादंबरी लिहायला नव्याने काही शिकावं लागलं नसणार. फक्त तळटीपा काढून टाकल्या. पहिल्या कादंबरीत हिरोजीरावाला प्रेम झालं. दुसरीत त्याचा घोडा मेला आणि घोड्यासाठी तो जेवढा रडला तेवढं आमच्या घरात कोणी माणसासाठी रडलेलं नाही. लोक ह्या कादंबऱ्या वाचत, वाचनालयांत नंबर लावत, आणि ठाण्याच्या सभेत चरित्रवाल्यांच्या गळ्यात हार घालत. मास्तरकी सुटली, मोठी नोकरी लागली, नावामागे रावसाहेब लागलं, अंगावर शाल आली. एवढ्या वर्षांत ते गढीकडे परत फिरकले नाहीत. गढीची गरज संपली होती.

आमच्या गोमाचं डोकं मात्र कायमचं फिरलं. त्याने मिशा वर वळवल्या. कल्याणच्या बाजारातून एक जुनी तलवार आणून भिंतीवर टांगली. खाडीच्या हवेने ती दोन पावसाळ्यांत गंजून म्यानातच अडकली, आता ती ओढली तर भिंत येईल. ओळखीच्या-बिनओळखीच्याला सांगायचा, आम्ही हिरोजीरावांचे वंशज. बायकोला मिठागरात पाठवायचा, आणि पाहुणे आले की म्हणायचा, ती देवळात गेलेली आहे. हसावं का मारावं कळत नसे. मी हसत होतो. आमची हसत नव्हती. तिचं म्हणणं, थट्टा असेपर्यंत ठीक, मांडवात शिरली तर बघू.

मांडवात शिरलीच.

धवल्यात राजाच्या गाण्याखेरीज दुसरी एक गोष्ट असते, आणि ती थट्टेची नाही. हळदीच्या आधी घरातल्या मेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं असतं. घरातला सर्वांत वडील माणूस एकेक नाव मोठ्याने सांगतो, धवलारीण त्या नावाला हाक घालते आणि पानावर एक मूठ तांदूळ सोडते. नाव घेतलं तर तो मेलेला माणूस येऊन बसतो. नाही घेतलं तर मांडवाबाहेर उभा राहतो, आणि घरच्यांचं जेवण चाललेलं बघतो. हे आम्ही लहानपणापासून खरं मानत आलो. आता म्हातारपणी खरं-खोटं करायला मी बसणार नाही. हाक घालण्याआधी ती मिठाचा एक खडा जिभेवर ठेवायची. म्हणायची, त्याने घसाही ओला होतो आणि जीभही जागेवर राहते.

गोमाच्या मुलाच्या लग्नात हे झालं. मी तापाने फणफणलेला होतो म्हणून नावं गोमाने सांगितली. पाहुणे बसलेले, कल्याणचे, ठाण्याचे. गोमाने मिशीवरून हात फिरवून सांगितलं, "सरदार हिरोजीराव."

ती थांबली. मूठ तशीच मिटलेली. "भावजी, हा कोन?"

"आपला आजा, वयनी."

"आपल्या आजाचा नाव हिरू."

"पुस्तकान हिरोजीराव हाय."

"मंग पुस्तकाला बोलव." तिने तांदूळ परत टोपलीत टाकले. "ज्याला आपन कंदी जेवाला वाढला नाय, ज्याचा मयत आपन उचलला नाय, त्याला मी हाक घालनार नाय. तो आला तर बसंल कुठं? हिरूच्याच पानावर ना? आन हिरू बाहेर उभा."

गोमा चिडून म्हणाला, "तुमाना गानं गायाला बोलावलंय, न्याय कराला नाय."

ती उठली, पदर खोचला आणि घरी आली. मी खाटेवर पडलेलो. मला म्हणाली, "अवो, लगीन अर्ध्यावर सोरून आलं मी. वाईट झाला ना?" मी म्हटलं, पाणी दे.  

तिच्या जागी त्यांनी पलीकडच्या गावातली एक बाई आणली, तिने सांगितलं ते गायलं. हिरोजीराव येऊन बसले असतील, मला माहीत नाही. त्यानंतर आमच्या भावकीतलं एक लग्न तिला मिळालं नाही. मग गावातलंही कमी होत गेलं, कारण गावाला सरदाराचं गाव व्हायचं होतं. कसल्या माणसांत राहिलो आम्ही. ज्यांची लग्नं तिने लावली, ज्यांच्या आईबापांना ती हाक घालत आली, ती माणसं वाटेत भेटली की पायांकडे बघून जायची. त्यांची पोरं खोट्या आजाच्या नावाने छाती काढायला शिकली, आणि खरा आजा कोण ते विचारलं तर सांगता येईना.

ती मिठागरात गायची. बांधावरून चालताना, मीठ ओढताना, ऐकायला बगळे आणि मी. पुरुषाने धवला म्हणायचा नसतो, म्हणून मी कधी म्हटला नाही, आणि आता आठवायला गेलं तर शब्द येतात, चाल येत नाही. ठाकुर्लीची कमळी तेवढी शिकायला येत असे. कमळी कोवळ्या वयात विधवा झालेली. घरच्यांनी तिला कामाला बाहेर पाठवलं तशी ती आमच्या बांधावर आली आणि रुळली. आमचीने तिला गाणं दिलं आणि भरपूर शिव्याही दिल्या.

चरित्रवाले एकदाच तिला पुन्हा भेटले. कादंबरीसाठी हिरोजीरावाची बायको हवी होती. आमच्या ओट्यावर बसले, चहा घेत नाही म्हणाले, आणि वही उघडली.

"हिरोजीरावांच्या पत्नीविषयी काही ऐकिवात आहे, बाई?"

"हिरूच्या बायकोला मी पायलंय. मी नवी नवरी आलेलं तवा जिती व्हती. काली, उंच. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन कल्याणपर्यंत जायाची. बाजारान तिचा आवाज ऐकून मानसं वाट सोरायची."

चरित्रवाल्यांनी हे लिहून घेतलं नाही. मी बघत होतो. पेन्सिल हललीच नाही.

तिनेच मग विचारलं, "रावसाहेब, एक सांगा. आमचा हिरू गड घेनारा नव्हता, ह्ये तुमाला ठावं हाय?"

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, "बाई, असं पाहा. तुमच्या हिरूला ह्या खाडीपलीकडे कोण ओळखत होतं? तुम्ही आहात तोवर त्याचं नाव, पुढे ते गेलंच असतं. आज पुण्यातल्या मुलांना हिरोजीराव माहीत आहे. मी त्याला जगवला."

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला नाय जगवला. तुमी दुसराच कोन उभा केलाव, आन त्याला आमच्या मानसाच्या पाटावर बसवलाव."

"वा," चरित्रवाले म्हणाले. "फार सुंदर." आणि हे मात्र लिहून घेतलं.

ती कादंबरी मी पुढे वाचली. हिरोजीरावाची बायको केतकीसारखी गोरी, वाऱ्याने मूर्च्छा येणारी. शेवटच्या प्रकरणात ती कपटी दिवाणाला म्हणते, तू दुसराच कोणी उभा केलास आणि त्याला माझ्या नाथाच्या आसनावर बसवलंस. त्या वाक्यावर सभेत टाळ्या पडल्या असं ऐकलं. मी ते पान तिला वाचून दाखवलं नाही. पुस्तक चुलीजवळ ठेवलं, आणि चुलीजवळच्या पुस्तकाचं जे होतं ते झालं.

पण खरं सांगायचं तर चरित्रवाल्यांचं ते बोलणं मला आत कुठेतरी टोचून राहिलं. ती गेल्यावर तर फार. हिरू गेलाच असता, हे खोटं नव्हतं. माणूस गेला की काय राहतं. तिची फळी राहिली, दांड्याला हाताच्या जागी झिजलेली. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. सकाळी उठून मी अजून "अगो" म्हणतो. घरात सून आहे, ती बिचारी "काय मामंजी" म्हणून येते. तिला काय सांगू.

असे दिवस चाललेले, आणि यंदा पापडी धरली तशी माझ्या नातवाचं लग्न निघालं.

स्थळ कल्याणचं, मोठ्या घरचं. गोमाने जमवलेलं. व्याही सरदाराच्या घराण्यात मुलगी देतोय म्हणून खूश. माझ्या मुलाला बापाशीही वाद नको, काकाशीही नको; तो रेल्वेत सांधे बदलतो, गाडी येईल तिकडे वाट करून देतो, घरातही तेच. लग्नाला चरित्रवाले यायचे ठरले. गोमाने स्वतः जाऊन बोलावलं होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी गोमा माझ्याकडे आला. काखेत पुस्तक, रेशमी फडक्यात बांधलेलं.

"दादूस, उद्या नावं तू सांगनार."

"मीच वडील."

"ह्यान मागं वंशावल हाय छापलेली. त्याप्रमानं सांग. व्याही लोक शिकलेले हायेत, पुस्तकाबरोबर मिलवून बघतील."

मी फडकं सोडलं. पानभर नावं होती. सगळे राव. बाई एकही नाही.

"ह्यात तुझी वहिनी कुठंय?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ती सरदाराला नाय बोलली व्हती. मांडवान. तिला कसा घ्याचा? आन दादूस, तू हट्ट करशील तर व्याही उठून जातील. नातवाचा लगीन हाय."

 माझा धाकटा भाऊ. लहानपणी ह्याला मी पाठीवर घेऊन चिखलातून न्यायचो, आणि आता पुस्तक फडक्यात बांधून ह्याच्या हातात परत दिलं. तो गेल्यावर मी बराच वेळ हाच विचार करत बसलो की ती बाहेर उभी राहिली तर कुठे उभी राहील. चिंचेखाली राहील. तिथे सावली आहे.

सकाळी मांडवात ऊन डहाळ्यांतून गळत होतं. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढलेला, ओला. कमळी तांदळाची टोपली घेऊन बसलेली. तिला बोलवायचा हट्ट मी धरला होता, आणि तेवढं गोमाने सोसलं होतं. समोर व्याही, त्यांची माणसं. आणि खुर्चीवर चरित्रवाले. म्हातारे झालेले, दात गेलेले, शालीत गुंडाळलेले. वही तीच असावी असं वाटलं, तीच नसेल.

मला बघून जरा वाकले. "आपल्या पत्नी गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. विदुषी होत्या. मी त्यांचं चरित्र लिहायचं मनात घेतलंय. आपण माहिती द्या, म्हणजे पुरे."

"आज रात थांबताय का?" मी विचारलं.

"नाही, संध्याकाळच्या गाडीने परततो."

"मग राहू द्या. उद्या राजा मी आहे. नातवाचा आजा मी, घोड्यावर मी चढणार, गड मी घेणार. परवा वरच्या आळीतला म्हातारा घेईल. थांबला असतात तर दोन्ही चरित्रं झाली असती."

मांडवातल्या म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चरित्रवाले त्यांच्यासोबत मायेने हसले, पोरांच्या थट्टेला हसावं तसं. त्या माणसाला कधीच काही लागलं नाही. पुढे झुकून म्हणाले, "चला, नावं होऊ द्या. मला हा विधी नोंदवायचाय."

कमळीने मूठ भरली आणि माझ्याकडे बघितलं. गोमा माझ्या कानाशी वाकला. "पयलं हिरोजीराव."

"हिरू," मी म्हणालो. "मिठागरातला."

गोमाचा श्वास ऐकू आला. व्याह्यांनी पुस्तकाकडे बघितलं, मग गोमाकडे, मग माझ्याकडे. कमळीने हाक घातली, तांदूळ पानावर सोडले. व्याही उठले नाहीत. तोवर चुलीवरून जेवणाचा वास यायला लागलेला, आणि अशा वेळी घराण्यासाठी कोणी उठत नाही. एवढ्यासाठी गोमाने आयुष्यभर मिशा वळवल्या.

हिरूची बायको सांगितली. बाप सांगितला, आई सांगितली. ज्यांची हाडं ह्या खाडीकाठी जळली तेवढ्यांची नावं सांगितली, राव कोणालाच लावला नाही. चरित्रवाले लिहीत होते.

मग मी अडलो.

कमळी मूठ मिटून बसून राहिली. नाव तिला माहीत होतं. ती सांगू शकत नव्हती, तो वडील माणसाचा मान. आणि मला ते सांगता येत नव्हतं. आयुष्यात एकदाही ज्यासाठी जीभ वळली नव्हती ते नाव शंभर माणसांत, व्याह्यांसमोर, सुनेसमोर. गोमाला वाटलं संपलं, तो उठायला लागला. पुढच्या बायकाही हळदीची वाटी घेऊन सरसावल्या.

कमळीने गुपचूप हात पुढे केला. तळहातावर मिठाचा एक खडा होता. मी तो घेतला आणि जिभेवर ठेवला. यंदाचंच मीठ. आमच्या बांधावरचं, फळीने मी एकट्याने ओढलेलं.

"मथी," मी म्हणालो.

 सुनेने मान खाली घातली. चरित्रवाल्यांनी पेन्सिल उचलली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मथुराबाई ना?"

"मथी."

कमळीने मूठ उघडली, तांदूळ पानावर सोडले, आणि हाक घातली. मी चटईवर जरा बाजूला सरकलो.